दौलताबादच्या दगडाचे भाऊबंद



गेल्या महिन्यात माझ्या नातीला शाळेतून प्रकल्प मिळाला. विषय होता ‘अरबी समुद्र’. ती आठवीत आहे. नकाशाची वही माझ्यासमोर आपटून म्हणाली, "नाना, हा विषय मुंबईच्या मुलांना द्यायला हवा होता. आपला समुद्राशी काय संबंध? आपल्याकडे नळालाच आठवड्यानं पाणी येतं."

मी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण असा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, समुद्रापासून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर आत आणि साडेपाचशे मीटरहून जास्त उंचीवर आहे. इथल्या कित्येक मुलांनी समुद्र फक्त पडद्यावर पाहिलेला असतो. मी तिला म्हटले, "बेटा, उत्तर रविवारी देतो. चप्पल नको, बूट घाल."

रविवारी आम्ही दौलताबादला गेलो. माझे गुडघे बालेकिल्ल्यापर्यंत साथ देत नाहीत, म्हणून खंदकाशीच थांबलो. तिथे डोंगराचा कडा माणसांनी तासून भिंतीसारखा उभा केला आहे. त्या कातळावर हात ठेवून मी म्हणालो, "हा बघ तुझा अरबी समुद्र. ज्या उलथापालथीतून हा दगड आला, त्याच उलथापालथीतून तो समुद्रही आला."

तिला ते पटले नाही. तुम्हालाही लगेच पटणार नाही. म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो.

काळ्या दगडाची जन्मकथा

आपल्या घरातला पाटा-वरवंटा, जुन्या वाड्यांचे जोते, वेरूळची लेणी, पाणचक्कीच्या भिंती हे सगळे एकाच जातीच्या काळ्या दगडाचे आहे. त्याला बेसॉल्ट म्हणतात. हा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस वाहू लागला. एक थर पसरला, थंड झाला, काही काळ गेला, मग त्यावर दुसरा थर. असे किती तरी थर एकावर एक बसले. आजही या दगडाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. घाटमाथ्याकडे त्याची जाडी दोन किलोमीटरहून जास्त आहे, पूर्वेकडे ती कमी होत जाते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल छिद्र पाडले, तेव्हा तिथे ती ३३८ मीटर भरली.

वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर पोरे पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक विकायला धावतात. तेही याच दगडाच्या पोटातले. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले पाणी त्यांत झिरपले आणि स्फटिक जमले. नातीला खंदकाच्या भिंतीत असे पांढरे ठिपके लगेच दिसले. ती म्हणाली, "म्हणजे हा दगड कधी तरी उकळत होता."

अगदी बरोबर. पण तो उकळत होता तेव्हा आपली ही जमीन इथे नव्हती. भारताचा भूखंड तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या आसपास वेगाने उत्तरेकडे सरकत होता. त्याच्या खाली, पृथ्वीच्या पोटात, एक अतितप्त जागा होती. तिला चूल म्हणू या. भूखंड चुलीवरून सरकत गेला आणि चूल मात्र जवळपास जागच्या जागी राहिली. ती अजूनही पेटलेली आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी म्हणजे तीच चूल. आपल्यापासून ती आज सुमारे पाच हजार किलोमीटर दूर आहे.

समुद्र कसा उघडला

आता समुद्राकडे वळू. भारताच्या पश्चिमेला तेव्हा आजच्यासारखा किनारा नव्हता. मादागास्कर त्याआधीच, सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, वेगळा झाला होता. सेशेल्सचा तुकडा मात्र अजून आपल्याला चिकटून होता. लाव्हा वाहिला त्याच सुमारास जमीन ताणली गेली, फाटली, आणि पुढे सेशेल्स सुटून निघाले. मधल्या फटीतून नवा लाव्हा वर येत राहिला, गोठत राहिला आणि तोच समुद्राचा नवा तळ झाला. दोन भावांची वाटणी व्हावी आणि मधल्या अंगणात पाणी भरावे, तसे झाले. आज मुंबई आणि सेशेल्सचे माहे बेट यांच्यात सुमारे ३,२०० किलोमीटर अंतर आहे. त्या बेटांवर ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे आहेत, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचे. महासागराच्या मध्यावर असा जुना खंडाचा दगड सहसा सापडत नाही. राजस्थानातल्या काही खडकांशी त्याचे वय आणि जात जुळते.

या वाटणीच्या खुणा आपल्याकडेही आहेत. घाटावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेल-मुंबईकडे उतरलो की तेच थर समुद्राकडे कलंडलेले दिसतात, जणू पोळीची कड दुमडली आहे. फाटलेल्या कडेची जमीन उचलली गेली, झिजत झिजत मागे सरकली, आणि सह्याद्रीची भिंत उभी राहिली.

आपल्या गोदावरीचे कोडेही इथेच सुटते. त्र्यंबकेश्वरला ती उगम पावते तिथून अरबी समुद्र फक्त ८० किलोमीटरवर आहे. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेची कड उंच आणि उतार पूर्वेकडे, मग नदी दुसरे काय करणार? तिने अशी पाठ फिरवली म्हणून तर पैठणला जायकवाडीचा जलाशय आहे आणि आपण त्याचे पाणी पितो.

नातीला मी इथे आणखी एक गोष्ट सांगितली. या शहराची पायाभरणी करणारा मलिक अंबर हबशी होता. त्याचा जन्म इथिओपियातला. गुलाम म्हणून विकला जाऊन, बगदादमार्गे, हाच समुद्र ओलांडून तो दख्खनमध्ये आला. इथिओपियाचे पठारही मोठ्या प्रमाणावर काळ्या लाव्ह्याचे आहे, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे. तिथेही लाव्हा आला, जमीन फाटली, आणि लाल समुद्र व एडनचे आखात उघडले. आपल्याकडे जे घडून गेले, ते तिथे अजून घडते आहे. एका काळ्या पठारावर जन्मलेल्या माणसाने समुद्रापलीकडच्या दुसऱ्या काळ्या पठारावर शहर वसवले.

इब्न बतूताची वाट

दौलताबादला आलेल्या पाहुण्यांत इब्न बतूताचे नाव मोठे आहे. मोरोक्कोच्या तांजा शहराचा हा मुसाफिर १३४२ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाचा दूत म्हणून चीनकडे निघाला. वाटेत त्याने दौलताबाद पाहिले, इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची तारीफ केली, किल्ल्याच्या अंधारकोठडीतल्या मांजराहून मोठ्या उंदरांचीही नोंद केली. पुढे नंदुरबारवरून तो खंबायतकडे गेला आणि गलबतात बसला. गोवा, होनावर, कालिकत करत, वादळात सामानसुमान गमावून, शेवटी मालदीवला पोहोचला. तिथे तो काझी झाला.

त्याला ठाऊक नव्हते, पण दौलताबादहून मालदीवला जाताना तो आपल्या चुलीच्या मागावरूनच गेला. भूखंड उत्तरेकडे सरकत होता आणि चूल खालून जाळत होती, तेव्हा मागे ज्वालामुखींची एक रांग उठत गेली. दख्खन, मग समुद्रातली लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसची पाण्याखालची डोंगररांग, त्यापलीकडे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. लक्षद्वीपच्या खाली जुन्या भूखंडाचे तुकडेही असावेत असे काही अभ्यासक मानतात. दक्षिणेकडचा पुरावा मात्र हातात आहे. १९८७ मध्ये एका संशोधन जहाजाने या रांगेवर तळाला छिद्रे पाडली. मालदीवजवळ प्रवाळाच्या चुनखडीखाली काळा बेसॉल्ट निघाला, वय सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षे. चागोसजवळचा निघाला ४ कोटी ९० लाखांचा. त्याही दक्षिणेचा ३ कोटी ३० लाखांचा. दौलताबादपासून जसजसे दूर जावे तसतसा दगड तरुण होत जातो. थोरल्या भावापासून धाकट्यापर्यंत वय उतरत जावे, तसेच हे.

मग मालदीवला डोंगर का दिसत नाहीत? कारण ते बुडाले. ज्वालामुखी थंड झाला की त्याच्याखालचा तळही थंड होऊन खचत जातो. बेट हळूहळू पाण्यात उतरते. पण उथळ, कोमट, स्वच्छ पाण्यात प्रवाळ नावाचे इवले जीव चुन्याची घरे बांधतात. त्यांना उजेड लागतो, म्हणून बेट खाली जाईल तसे ते वर वर बांधत राहतात. शेवटी मधला डोंगर नाहीसा होतो आणि भोवतीचे प्रवाळाचे कडे तेवढे पाण्यावर उरते. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये हा विचार पुस्तकात मांडला. पण त्या कड्याचा आकार इब्न बतूताने जवळजवळ पाचशे वर्षे आधी टिपला होता. शंभरेक बेटे अंगठीसारखी गोल जमलेली असतात, आत शिरायला दरवाजासारखी एकच वाट असते आणि जहाज तिथूनच जाऊ शकते, असे त्याने लिहिले आहे. अशा कड्याला जगभर ‘अटॉल’ म्हणतात आणि हा शब्दही मालदीवच्या धिवेही भाषेतला आहे.

लक्षद्वीप आणि मालदीवची बहुतेक वस्ती मुस्लिम आहे. मॉरिशसमध्ये तर गेल्या शतकाआधी ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांची कुटुंबे आजही आहेत. भाषेच्या, धर्माच्या नात्याने आपण त्यांना ओळखतो. दगडाच्या नात्याने मात्र आपण एकाच चुलीचे आहोत, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

तळाशी काय आहे

अरबी समुद्राचा तळ सपाट परातीसारखा नाही. मध्यावर, भारत आणि आफ्रिकेच्या दरम्यान, कार्ल्सबर्ग नावाची पाण्याखालची डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावरच्या भेगेतून आजही नवा तळ तयार होतो आणि समुद्र वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर रुंदावतो. आपली नखे वाढतात साधारण तेवढ्याच वेगाने. खोल भागात पाणी चार हजार मीटरहून जास्त आहे.

उत्तरेला सिंधू नदीने गाळाचा प्रचंड पंखा पसरला आहे. हिमालय जसा उठत गेला तसा झिजतही गेला, आणि त्याची माती कोट्यवधी वर्षे इथे येऊन पडली. काही ठिकाणी हा गाळ नऊ-दहा किलोमीटर जाड आहे. अल-बिरूनीची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानात आल्यावर त्याने पाहिले की डोंगराजवळ नदीतले गोटे मोठे असतात, पुढे लहान होत जातात आणि मुखाशी नुसती वाळू उरते. त्यावरून त्याने अनुमान काढले की उत्तरेची सपाट भूमी पूर्वी समुद्र असावी आणि नद्यांच्या गाळाने ती भरत आली असावी. ना दुर्बीण, ना यंत्र. नदीकाठचे गोटे तेवढे नीट पाहिले.

मुंबईसमोर तळ बराच दूरपर्यंत उथळ आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी १२० मीटरने खाली होती. तेव्हा हा उथळ तळ कोरडी जमीन होता आणि किनारा आजच्या मुंबईपासून कितीतरी पश्चिमेला होता. याच भागात, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तरंगत्या यंत्राने विहीर पाडली आणि तेल लागले. तेच मुंबई हाय. ते तेल चुनखडीत साठलेले आहे, म्हणजे तीही समुद्रजीवांचीच ठेव.

हा समुद्र शांत वाटतो, पण त्याच्या उत्तर काठावर मकरानजवळ दोन भूखंड एकमेकांखाली सरकतात. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तिथे मोठा भूकंप झाला. त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि तिथेही माणसे दगावली. २०१३ मध्ये बलुचिस्तानच्या भूकंपानंतर ग्वादरजवळ चिखलाचे एक बेटच वर आले आणि काही वर्षांत वाहून गेले.

अब्बांचा हज आणि पावसाळी वारे

माझे अब्बा १९५९ साली मुंबईहून जहाजाने हजला गेले. त्या वर्षी हज जूनच्या मध्यावर आला होता. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ते मे महिन्यात गेले आणि जुलैमध्ये परतले. पत्र्याच्या, डाग देऊन बंद केलेल्या डब्यातून त्यांनी जमजम आणले होते. पण घरात कितीतरी दिवस चालली ती परतीच्या समुद्राची गोष्ट. जाताना पाणी तव्यासारखे सपाट होते. येताना एडन मागे पडले आणि जहाज पाळण्यासारखे हलू लागले. लोक डेकवर आडवे पडून होते, कुणाच्या पोटात पाणी ठरत नव्हते. अम्मी म्हणायच्या, एकाच वाटेवर दोन समुद्र कसे?

समुद्र एकच होता, वारे वेगळे होते. हिवाळ्यात वारे जमिनीकडून समुद्राकडे, ईशान्येहून वाहतात. समुद्र निवांत असतो. मे अखेरीस आशिया खंड तापतो, हवा वर चढते आणि दक्षिणेकडून वारे विषुववृत्त ओलांडून येतात. सोमालियाच्या किनाऱ्याला घासून ते ईशान्येकडे वळतात आणि जुलैत तिथे त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो. अब्बांचे जहाज नेमके त्याच जोरात सापडले. वर्षातून दोनदा वाऱ्याची दिशा उलटणारा हा खेळ जगात इतका ठळक कुठेच नाही. अरब खलाशी त्याला ‘मौसिम’ म्हणत, आणि त्यावरूनच मान्सून आणि आपले मोसमी वारे हे शब्द आले. पंधराव्या शतकात जुल्फारच्या इब्न माजिदने कोणत्या बंदरातून कोणत्या दिवसांत निघावे याचे नियमच ग्रंथात लिहून ठेवले. हिजरी वर्ष ऋतूंमधून फिरत राहते, त्यामुळे जहाजाच्या काळात कुणाच्या वाट्याला शांत समुद्र आला, कुणाच्या वाट्याला खवळलेला.

हेच वारे सोमालिया आणि ओमानजवळचे वरचे पाणी बाजूला ढकलतात. त्या जागी खालून थंड, खतासारखे सकस पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर मासळी पोसते. पण मेलेल्या वनस्पती खाली जाऊन कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. म्हणून या समुद्रात सुमारे दीड-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहून खाली, प्राणवायू जवळजवळ नसलेला जाड थर आहे. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्तच्या जहाजाने हा समुद्र पिंजून काढला, तेव्हा हा थर नीट ध्यानात आला. मोहिमेचे नेतृत्व इंग्रजांकडे होते, पण जहाज आणि बहुतेक खलाशी इजिप्तचे होते. त्यातले एक डॉक्टर, हुसेन फौजी, परतल्यावर इतके भारावले की त्यांनी स्वतःला आजचा सिंदबाद म्हणवून अरबीत पुस्तक लिहिले.

समुद्र तापतो आहे

आता नातीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या नळाचा या सगळ्याशी संबंध काय?

हे वारे समुद्रावरून वाफ घेऊन सह्याद्रीवर आदळतात. कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. भिंत ओलांडून आपल्यापर्यंत येताना ढग बरेच रिकामे झालेले असतात, म्हणून आपल्याकडे जेमतेम ७०० मिलिमीटर. थोडाफार पाऊस बंगालच्या उपसागराकडूनही येतो. जी भिंत अरबी समुद्र उघडताना उभी राहिली, तिच्याच सावलीत मराठवाडा आहे.

पण आता समुद्रच बदलतो आहे. त्याचे पाणी तापते आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरुड, हरिहरेश्वर भागात नारळी-पोफळीच्या बागा झोपवून गेले. त्या भागातल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाड्या एका दुपारी गेल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ आले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या आणि त्या वाफेचा मोठा स्रोत अरबी समुद्र आहे. याचा अर्थ आपल्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. तीन आठवडे उघडीप, मग एका रात्रीत सोयाबीन पाण्याखाली.

तिकडे आपल्या दगडाच्या भावंडांवर आणखी कठीण वेळ आहे. पाणी फार तापले की प्रवाळ पांढरे पडून मरतात. १९९८ मध्ये लक्षद्वीप-मालदीवमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झाले, २०१६ मध्ये पुन्हा. बेट खचते तसे प्रवाळ वर बांधत होते, म्हणून बेट टिकले. बांधणारेच मेले आणि पाणी मात्र चढत राहिले, तर काय होईल? मालदीवची बहुतेक जमीन पाण्यापेक्षा मीटर-दीड मीटरच उंच आहे.

मलिक अंबरची समज

समुद्र पाणी पाठवतो, पण ठेवायचे किती हे आपला दगड ठरवतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत साडेतीनशे फूट बोअर मारली. निघाला फक्त धुरळा. चार घरांनी मिळून पैसे घातले होते, त्यातल्या एका घरी मुलीचे लग्न होते. पैसे गेले ते गेलेच.

वरचा मुरूम आणि बुडबुड्यांचा मांजऱ्या दगड थोडे पाणी धरतो. खालचा अखंड काळा कातळ भेग असेल तिथेच पाणी देतो, नाहीतर थेंबही नाही. खोल गेलो म्हणजे पाणी लागेलच, असा हिशेब इथे चालत नाही. मलिक अंबरला हे कळले होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने डोंगराच्या पायथ्याशी मुरमात झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. पाणचक्कीचे पाणीही असेच दूरच्या डोंगराकडून नळांतून येते. पावसाचे पाणी झिरपते कुठे हे ओळखायचे आणि ती जागा सांभाळायची, एवढेच त्याचे शास्त्र होते.

बोअर कोरडी गेल्यावर आम्ही छताचे पाणी पन्हळीने घरातल्या जुन्या आडात सोडले. त्याआधी आड उपसून साफ केला, तोंडाशी वाळू आणि खडीचा गाळणा केला. पहिल्या दोन पावसांचे पाणी बाहेर जाऊ दिले. खर्च बोअरच्या मानाने फारच थोडा आला. पाणी प्यायला वापरत नाही, पण भांडी, कपडे आणि झाडांना ते हिवाळा उलटेपर्यंत पुरले. ज्यांच्या घरी जुना आड बुजवायचे घाटत असेल, त्यांनी एकदा थांबून विचार करावा.

दुसरी विनंती घरातल्या मुलांना. जहाजाने हजला जाणे १९९५ नंतर बंद झाले. त्या वाटेने गेलेले आजी-आजोबा आता थोडेच उरलेत. कोणत्या महिन्यात गेलात, समुद्र कसा होता, वारा कुठून येत होता, काय खाल्ले, हे त्यांना विचारा आणि तारखेसकट वहीत लिहून ठेवा. माझ्या अब्बांना मी हे नीट विचारले नाही. जे आठवते ते नऊ वर्षांच्या पोराच्या कानावर पडलेले तेवढेच.

नातीचा नकाशा पुरा झाला. तिने दौलताबादपासून लाल रेघ काढली, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस करत रियुनियनपर्यंत नेली आणि प्रत्येक ठिकाणी वय लिहिले. दुसरी निळी रेघ सोमालियाहून वळून आमच्या आडापर्यंत आणली. मी म्हटले, "आड इतका मोठा कुणी नकाशात दाखवतं का? बाई मार्क कापतील." ती म्हणाली, "कापू देत, नाना. पाणी शेवटी तिथंच येतं ना?"

अल्लाह हाफिज.